टोपी एकच, लोकर पाच जाडीची : पहिल्यांदा विणणाऱ्यांसाठी

भाचीने टोरांटोहून एका टोपीची कृती पाठवली. "मावशी, मला अशीच साधी, डोक्याला घट्ट बसणारी टोपी हवी." कृतीत ८८ टाके आणि ८ नंबरची सुई सांगितली होती. आईच्या सुयांच्या डब्यात ८ नंबरची जोडी होतीच. चार संध्याकाळी बसून टोपी पूर्ण केली, पसरून मोजली, तर घेर भरला ४० सेंटिमीटर. उंची मोठ्या माणसाची आणि घेर वर्षाच्या बाळाचा! टाके बरोबर होते, वीण एकसारखी होती, कुठे टाका सुटलेला नव्हता. दोन दिवस मला चूकच सापडेना.

चूक सुईत होती. अमेरिकन कृतीतली ८ नंबरची सुई ५ मिलिमीटरची असते. आपल्याकडच्या जुन्या सुयांवर ब्रिटिश नंबर असतात आणि त्यातली ८ नंबरची सुई ४ मिलिमीटरची. एक मिलिमीटरच्या फरकाने दहा सेंटिमीटर घेर गेला.

तेव्हापासून मी टाक्यांचा आकडा कोणाच्याही कृतीतून उचलत नाही. डोकं मोजते, विणीचा एक चौकोन विणते आणि टाके स्वतः काढते. हिशेब पाचवीतल्या मुलालाही जमेल इतका सोपा आहे. तो एकदा समजला की दुकानात मिळेल त्या जाडीची लोकर घेऊन तीच टोपी विणता येते. तुम्हाला सुलट आणि उलट टाका येत असेल, तर पुढचं सगळं जमेल. येत नसेल तर आधी घरातल्या किंवा ओळखीतल्या कोणाकडून ते दोन टाके शिकून या. समोर बसून हाताकडे बघत शिकलेलं लवकर बसतं.

काय काय लागेल

- लोकर : मोठ्या माणसाच्या टोपीला साधारण १०० ग्रॅम (जाडीनुसार नेमका अंदाज पायरी ७ मध्ये)
- सुयांची जोडी, लोकरीच्या जाडीला साजेशी
- शिंप्याची मोजपट्टी आणि एक साधी फूटपट्टी
- लोकर शिवायची बोथट टोकाची, मोठ्या नेढ्याची सुई (टोकदार सुई धागा चिरत जाते, ती नको)
- कात्री
- टाका सुटला तर उचलायला क्रोशाची सुई
- खुणेसाठी वेगळ्या रंगाच्या लोकरीचे छोटे तुकडे
- वही आणि पेन्सिल

१. डोकं मोजा, अंदाज करू नका

मोजपट्टी कपाळावरून, भुवयांच्या थोडी वर, कानांवरून आणि मागे डोक्याच्या सर्वांत फुगीर भागावरून फिरवा. ओढून ताणू नका. केसांचा अंबाडा असेल तर सोडायला सांगा. माणूस परगावी असेल तर फोनवर हीच जागा समजावून माप मागवा. "मध्यम साइज" हे माप नव्हे.

मापच मिळालं नाही तर हे आकडे धरा : नवजात बाळ ३५ सेंमीच्या आसपास, वर्षाचं मूल ४६, तीन ते दहा वर्षांची मुलं ५० ते ५३, बाई ५४ ते ५७, पुरुष ५७ ते ६०.

आता मुख्य गोष्ट. टोपीचा घेर डोक्याइतका ठेवला तर ती डोळ्यांवर उतरते. विणलेलं कापड ताणलं जातं, आणि त्या ताणानेच टोपी डोक्यावर धरून राहते. म्हणून डोक्याच्या मापातून दहावा हिस्सा वजा करायचा. ५६ सेंमीच्या डोक्याला ५० सेंमीची टोपी.

२. लोकर निवडा

आपल्या दुकानांत लोकर मागितली की बहुतेक वेळा ॲक्रिलिक पुढे येतं. मराठीत दोन्हीला लोकरच म्हणतात, त्यामुळे गुंड्यावरची चिठ्ठी वाचल्याशिवाय कळत नाही. शिकताना ॲक्रिलिक चांगलं : स्वस्त, टोचत नाही, धुवायला सोपं, उसवून पुन्हा विणलं तरी टिकतं. कडाक्याच्या, बर्फाच्या थंडीसाठी मात्र खरी लोकर घ्या. मेंढीची लोकर स्वतःच्या वजनाच्या सुमारे ३० टक्के ओलावा शोषूनही अंगाला ओली लागत नाही, म्हणून चालून घाम आला तरी टोपी गार पडत नाही. मेरिनो जातीच्या मेंढीची लोकर मऊ असते, कपाळाला टोचत नाही. आपल्या दख्खनी मेंढीची लोकर घोंगडीसाठी उत्तम, पण ती राठ असते. टोपीला वापरायचीच असेल तर आतून सुती अस्तर लावा.

जाडीची नावं परदेशी आहेत, पण तीच चालतात, तेव्हा ओळख करून घ्या. बारीकापासून जाडाकडे : फिंगरिंग, डीके, वर्स्टेड (अरान त्याचाच थोडा जाड भाऊ), चंकी आणि सुपर चंकी. परदेशी गुंड्यांवर लोकरीच्या लडीच्या छोट्या चित्रात आकडा छापलेला असतो. याच क्रमाने तो १, ३, ४, ५ आणि ६ असतो.

इथे नवीन माणूस हमखास फसतो. 'प्लाय' म्हणजे किती पदर एकत्र पिळलेत तो आकडा. पदरच बारीक असतील तर चार पदरांची लोकरही बारीक निघते. 'फोर प्लाय द्या' म्हणून दोन दुकानांतून आणलेले गुंडे शेजारी ठेवून बघा, जाडी वेगळी दिसू शकते. चिठ्ठीवर सुचवलेली सुई किती मिलिमीटरची आहे ते बघा, तो आकडा जास्त भरवशाचा.

जाड लोकर गावात मिळत नसेल तर दोन धागे एकत्र घेऊन विणा. फिंगरिंगचे दोन धागे मिळून साधारण डीकेची जाडी होते. मी नाशिकला कित्येक वर्षं असंच विणलं, कारण आमच्याकडे दिवाळीनंतर लोकर दुकानात पुढे येते आणि संक्रांत झाली की मागच्या फळीवर जाते. जाड लोकर तर त्या दोन महिन्यांतही क्वचितच.

आणखी दोन गोष्टी. एका टोपीचे सगळे गुंडे एकाच रंग-लॉटचे घ्या. चिठ्ठीवर लॉट नंबर असतो. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली सारखे वाटणारे दोन गुंडे उन्हात वेगळे दिसतात आणि टोपीच्या मधोमध पट्टा उमटतो. आणि पहिल्या टोपीसाठी काळी, गडद निळी किंवा केसाळ लोकर घेऊ नका. टाके दिसतच नाहीत, मोजणार काय? फिकट, गुळगुळीत लोकर घ्या.

३. सुई मिलिमीटरने ओळखा

माझी पहिली टोपी इथेच बिघडली, म्हणून हे सविस्तर सांगते.

जुन्या ब्रिटिश पद्धतीत नंबर वाढला की सुई बारीक होते. १० नंबर ३.२५ मिमी, ९ नंबर ३.७५, ८ नंबर ४, ७ नंबर ४.५, ६ नंबर ५, ५ नंबर ५.५, ४ नंबर ६ आणि ० नंबर ८ मिमी. आई-आजीच्या डब्यातल्या ॲल्युमिनियमच्या सुयांच्या टोपणावर बहुधा हेच नंबर कोरलेले असतात.

अमेरिकन पद्धतीत उलट, नंबर वाढला की सुई जाड होते. ६ नंबर ४ मिमी, ७ नंबर ४.५, ८ नंबर ५, ९ नंबर ५.५, १० नंबर ६, ११ नंबर ८ मिमी.

दोन्हीत ६, ७, ८ हे आकडे आहेत, म्हणूनच गोंधळ होतो. ७ नंबर तेवढा दोन्हीकडे ४.५ मिमी येतो आणि त्या एका जोडीमुळे सगळे नंबर जुळतात असं वाटायला लागतं. कृतीत नुसता नंबर असेल तर ती कुठल्या देशातली आहे ते आधी शोधा. सुईवरचा आकडा पुसला असेल तर सुईचं माप बघायची भोकांची पट्टी मिळते. ज्या भोकातून सुई अडखळत, पण पूर्ण जाते तो तिचा आकडा.

४. नमुन्याचा चौकोन विणा

ही पायरी सगळे टाळतात. टोपी लहानशी, त्यासाठी वेगळा चौकोन कशाला, असं वाटतं. पण माझा हात घट्ट, तुमचा सैल. त्याच सुईवर त्याच लोकरीचे माझे १० सेंटिमीटरमध्ये २० टाके बसतात आणि माझ्या जावेचे १७. कृती लिहिणाऱ्या बाईचा हात आपल्याला ठाऊकच नसतो.

साधारण १५ सेंमी रुंद होईल इतके टाके घाला. एक ओळ सुलट, एक ओळ उलट असं १५ सेंमी उंच विणा. सैल बंद करा. कोमट पाण्यात भिजवून, टॉवेलमध्ये दाबून, सपाट वाळवा. खरी लोकर धुतल्यावर पसरते, म्हणून हे धुणं चुकवू नका. वाळल्यावर मधोमध फूटपट्टी ठेवा आणि १० सेंमीमध्ये किती टाके आले ते मोजा. सुलट बाजूने प्रत्येक टाका इंग्रजी व्हीसारखा दिसतो. अर्धा टाका आला तर तोही मोजा. कडेचे टाके मोजू नका, ते नेहमी ओढलेले असतात.

चौकोन कडक, पुठ्ठ्यासारखा लागला तर जाड सुई घ्या. पलीकडचं आरपार दिसत असेल तर बारीक सुई घ्या. आकडा कोणताही येवो, कापड हाताला बरं वाटलं पाहिजे.

५. टाक्यांचा हिशेब

१० सेंमीमधल्या टाक्यांना १० ने भागा, म्हणजे एका सेंटिमीटरचे टाके मिळतील. त्याला टोपीच्या घेराने गुणा. उत्तर ८ च्या पाढ्यातल्या जवळच्या आकड्यावर न्या. ८ चा पाढा अशासाठी की माथा आठ समान भागांत कमी करायचा आहे.

उदाहरण : चौकोनात १० सेंमीला १८ टाके आले. म्हणजे सेंटिमीटरला १.८. टोपी ५० सेंमीची. १.८ × ५० = ९०. पाढ्यातला जवळचा आकडा ८८. झालं.

दोन आकड्यांच्या मधोमध अडकलात तर बारीक लोकरीत कोणताही घ्या, जाड लोकरीत मोठा घ्या. जाड कापड स्वतःच आतली जागा खातं. लहान मुलासाठीही मोठाच आकडा, डोकं वाढतं.

६. पहिली टोपी : वर्स्टेड लोकर, दोन सुयांवर

पहिली टोपी वर्स्टेडमध्येच विणा असं माझं ठाम मत आहे. टाके दिसण्याइतके मोठे, आणि सुई बोटं दुखण्याइतकी जाड नाही. सुई ५ मिमी, १० सेंमीला १८ टाके, डोकं ५६ सेंमी. तुमचा आकडा वेगळा आला तर तुमचे टाके घाला, पद्धत हीच.

टाके घालणे. ८८ अधिक शिवणीसाठी २, म्हणजे ९० टाके. अंगठ्यावर धागा घेऊन टाके घालण्याची पद्धत वापरा, त्यात कड ताणली जाते. सुरुवातीला मोकळा धागा एका टाक्याला २ सेंमी या हिशेबाने सोडा, आणि वर शिवणीसाठी ३० सेंमी. म्हणजे दोन मीटर दहा सेंमी. धागा कमी पडून ८४ व्या टाक्यावर सगळं काढावं लागण्यासारखं दुसरं दुःख नाही. टाके दोन सुया एकत्र धरून त्यावर घाला आणि मग एक सुई काढून घ्या. कड आपोआप सैल राहते. घट्ट कडेची टोपी तासाभरात कपाळावर लाल रेघ उमटवते.

बॉर्डर. पहिली ओळ : २ सुलट, २ उलट असं करत जा, शेवटी २ सुलट येतील. दुसरी ओळ : २ उलट, २ सुलट करत जा, शेवटी २ उलट. थोडक्यात, समोर जो टाका जसा दिसतो तसाच विणायचा. या दोन ओळी ५ सेंमी होईपर्यंत. दुमडायची बॉर्डर हवी असेल तर १२ सेंमी.

सुलटावरून उलटाकडे जाताना धागा दोन सुयांच्या मधून पुढे घ्यायचा, परत येताना मागे न्यायचा. नवीन माणूस धागा सुईवरून घेतो आणि एक जास्तीचा टाका तयार होतो. प्रत्येक चौथ्या ओळीला टाके मोजा. ९० चे ९३ झाले असतील तर कारण हेच.

अंग. आता सुलट बाजूने सगळे सुलट, उलट बाजूने सगळे उलट. सुरुवातीच्या कडेपासून १५ सेंमी होईपर्यंत (दुमडायच्या बॉर्डरला २२). मोजताना काम टेबलावर सपाट ठेवा. सुईवरून लोंबत असताना मोजलं तर ताणलेलं माप येतं आणि टोपी कानांच्या वरच राहते. शेवटची ओळ उलट बाजूची असू द्या.

माथा सुरू करण्याआधी शिवायच्या सुईने वेगळ्या रंगाचा दोरा सगळ्या टाक्यांतून ओवून ठेवा. पुढे चूक झाली तर या दोऱ्यापर्यंतच उसवेल, त्याच्या खाली जाणार नाही.

माथा. कडेचा एकेक टाका सोडून मधल्या ८८ टाक्यांचे आठ भाग झाले, प्रत्येक भागात ११ टाके.

पहिली ओळ : १ सुलट, मग (९ सुलट, २ टाके एकत्र सुलट) हे आठ वेळा, शेवटी १ सुलट. टाके उरले ८२. दुसरी ओळ सगळी उलट.
तिसरी ओळ : १ सुलट, (८ सुलट, २ एकत्र) आठ वेळा, १ सुलट. ७४. पुढची ओळ सगळी उलट.

याच रीतीने कंसातला सुलट आकडा दर वेळी एकाने कमी करत ६६, ५८ आणि ५० पर्यंत या. प्रत्येक कमी करणाऱ्या ओळीनंतर एक साधी उलट ओळ.

५० टाके उरले, म्हणजे प्रत्येक भागात ६, की साधी ओळ बंद. आता प्रत्येक ओळीत टाके कमी करायचे. सुलट बाजूने : १ सुलट, (४ सुलट, २ एकत्र) आठ वेळा, १ सुलट, उरले ४२. उलट बाजूने : १ उलट, (२ टाके एकत्र उलट, ३ उलट) आठ वेळा, १ उलट, उरले ३४. उलट बाजूने येताना जोडटाका कंसात आधी येतो हे लक्षात ठेवा, तर आठही रेघा सरळ चढतात. असंच २६, १८ आणि शेवटी १०.

धागा ६० सेंमी ठेवून कापा. शिवायच्या सुईने तो दहाही टाक्यांतून ओवा, विणायची सुई काढून घ्या आणि हळूहळू ओढा. माथ्यावर आठ पाकळ्यांचं फूल मिटल्यासारखं दिसतं. मधे भोक राहिलं तर त्याच टाक्यांतून धागा दुसऱ्यांदा फिरवा.

शिवण. घाईत शिवलेली टोपी विकतच्यापेक्षा वाईट दिसते, म्हणून इथे वेळ द्या. दोन्ही कडा शेजारी, सुलट बाजू वर करून ठेवा. कडेचा टाका आणि त्याच्या शेजारचा टाका यांना हलकेच फाकवा. मधे शिडीच्या पायऱ्यांसारखे आडवे धागे दिसतील. सुई डावीकडच्या एका पायरीखालून घाला, मग उजवीकडच्या एका पायरीखालून, परत डावीकडे. चार-पाच पायऱ्या झाल्या की धागा ओढा. दोन्ही कडा आत वळतात आणि शिवण नाहीशी होते. बॉर्डरजवळ आलात की दिसेल, दोन्ही बाजूंचा एकेक सुलट टाका शिवणीत गेला आणि उरलेले दोन शेजारी आले : २ सुलट, २ उलट ही रांग कुठेच तुटत नाही. जास्तीचे दोन टाके त्यासाठीच होते.

दुमडायची बॉर्डर असेल तर दुमडून वर येणारा भाग उलट बाजूने शिवा, नाहीतर शिवण बाहेर दिसते. उरलेले धागे आतल्या बाजूने ७-८ सेंमी एका दिशेने आणि मग थोडे उलट दिशेने ओवून टाका. गाठ मारू नका, डोक्याला बोचते.

७. आता हीच टोपी इतर जाडींत

५६ सेंमीच्या डोक्यासाठी आकडे असे येतात. दोन सुयांवर विणताना प्रत्येकात २ मिळवा.

- फिंगरिंग : सुई ३ मिमी, १० सेंमीला २८ टाके, एकूण १४४. लोकर ६० ग्रॅमच्या आसपास.
- डीके : सुई ४ मिमी, २२ टाके, एकूण ११२. लोकर ७५ ग्रॅम.
- वर्स्टेड : सुई ५ मिमी, १८ टाके, एकूण ८८. लोकर ८० ते ८५ ग्रॅम.
- चंकी : सुई ६ ते ६.५ मिमी, १४ टाके, एकूण ७२. लोकर १०० ग्रॅम.
- सुपर चंकी : सुई १० मिमी, ९ टाके, एकूण ४८. लोकर १०० ते १२० ग्रॅम.

दुमडायची बॉर्डर असेल तर लोकरीत तिसरा हिस्सा वाढवा. उंचीची मापं सेंटिमीटरमध्ये आहेत, ती बदलत नाहीत : १५ सेंमीला माथा सुरू. माथ्याचा नियमही एकच. प्रत्येक भागातले टाके निम्म्यावर येईपर्यंत एकाआड एक ओळीत कमी करा, त्यानंतर प्रत्येक ओळीत. डीकेमध्ये १४ चे ७ होईपर्यंत एकाआड एक, चंकीत ९ चे ५, सुपर चंकीत ६ चे ३, फिंगरिंगमध्ये १८ चे ९. कोणत्याही जाडीत माथा ६ ते ७ सेंमी उंच होतो.

फिंगरिंगच्या टोपीत दहा हजारांवर टाके असतात, वर्स्टेडमध्ये चार हजार, सुपर चंकीत जेमतेम हजार. म्हणून सुपर चंकी एका संध्याकाळी होते आणि फिंगरिंगला पंधरा दिवस लागतात. पण सुपर चंकी सोपी समजू नका. जाड सुयांनी मनगट भरून येतं, एक चुकलेला टाका हातभर अंतरावरून दिसतो आणि शिवण दोरखंडासारखी जाड होते. ती शिवायला त्याच रंगाची बारीक लोकर घ्या. फिंगरिंगची टोपी हलकी, हेल्मेटखाली बसणारी, आणि आपल्या नाशिक-निफाडच्या थंडीला तेवढी पुरते. बर्फात राहणाऱ्यांना चंकी पाठवा. माझी स्वतःची आवडती डीके. मुलांच्या टोप्यांना तिच्याइतकी योग्य दुसरी नाही : ५० सेंमीच्या डोक्याला १०४ टाके, उंची एकूण १८ ते १९ सेंमी.

८. गोल विणायची असेल तर

दोन-तीन टोप्या झाल्या की गोल सुईकडे, म्हणजे तारेने जोडलेल्या दोन आखूड सुयांकडे वळा. शिवण लागत नाही, आणि सुलट बाजू कायम समोर असल्यामुळे अंगाला फक्त सुलट टाके लागतात. जास्तीचे २ टाके घालायचे नाहीत.

तारेची लांबी बघून घ्या. टोपीसाठी ४० सेंमीची गोल सुई लागते. दुकानात सहज मिळते ती ६० किंवा ८० ची, आणि ५० सेंमीच्या टोपीचे टाके ६० सेंमीवर पोचत नाहीत. ८० सेंमीची मऊ तारेची सुई असेल तर टाके दोन भागांत वाटून, मधून तारेचा फास बाहेर काढून विणता येतं. माथ्यालाही हीच युक्ती चालते. नाहीतर माथ्यासाठी दोन्हीकडे टोक असलेल्या आखूड सुयांचा संच लागतो.

फेरी जोडण्याआधी टाक्यांची कड सगळीकडे खाली, सुईच्या आतल्या बाजूला आहे ना ते बोट फिरवून बघा. एक पीळ राहिला तर तो नंतर निघत नाही, सगळं उसवावं लागतं. मी पहिली एक ओळ दोन सुयांसारखी सपाट विणते आणि मग जोडते. कड वळत नाही, आणि खाली राहिलेली छोटी फट सुरुवातीला सोडलेल्या धाग्याने शिवून टाकते.

९. चुकलं तर

टाका सुटला तर घाबरून ओढू नका. खाली शिडी दिसेल. क्रोशाची सुई सुटलेल्या टाक्यात घाला आणि एकेक पायरी त्यातून ओढत वर या. चूक तीन-चार ओळी खाली असेल तर टाका-टाका मागे या, त्याहून खोल असेल तर उसवा. उसवलेली लोकर कुरळी होते. तिची सैल लड करून ओली करा आणि वाळत घाला, मग विणा. तशीच विणली तर टाके लहानमोठे दिसतात.

१०. धुणं, इस्त्री आणि वापर

खरी लोकर गरम पाण्यात चोळली की आटते आणि नमद्यासारखी घट्ट होते, परत पूर्ववत होत नाही. कोमट पाणी, सौम्य साबण, चोळायचं नाही, पिळायचं नाही. टॉवेलात गुंडाळून दाबा आणि सावलीत पालथ्या पातेल्यावर घालून वाळवा, आकार छान बसतो. दोरीवर टांगलेली ओली टोपी लांबते.

ॲक्रिलिकवर गरम इस्त्री फिरवू नका. मी एकदा भेट द्यायच्या टोपीची बॉर्डर सपाट करायला इस्त्री टेकवली. पाच सेकंदांत बॉर्डर चिंधीसारखी लुळी पडली. ताणली की ताणलेलीच राहायची. धुऊन, भिजवून काहीही झालं नाही, कारण उष्णतेने धाग्यातली उसळीच जाते. ॲक्रिलिक आगीजवळ वितळतं आणि पेटतं. शेकोटीभोवती बसणार असाल, गडावर मुक्काम करणार असाल, तर लोकरीचीच टोपी घाला.

तान्ह्या बाळासाठी विणत असाल तर लांब नाड्या, गोंडे आणि केसाळ लोकर नको. बाळ घरात झोपलेलं असताना टोपी काढून ठेवा. बाळं डोक्यातून उष्णता बाहेर टाकतात, आणि अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सने २०२२ च्या सूचनांत जन्मानंतरचे पहिले काही तास सोडले तर घरात बाळाला टोपी घालू नये असं सांगितलं आहे. आपल्याकडे टोपडं चोवीस तास डोक्यावर ठेवायची सवय आहे, म्हणून हे मुद्दाम लिहिते. टोपी बाहेर नेण्यासाठी.

११. वहीत लिहून ठेवा

प्रत्येक टोपीची नोंद करा आणि तिथेच नमुन्याचा चौकोन आणि गुंड्याची चिठ्ठी टाचून ठेवा. पुढच्या वर्षी कोणीतरी "तशीच अजून एक" म्हणणारच. माझ्या वहीतलं दुसऱ्या खेपेचं पान असं आहे :

भाची, टोरांटो. डोकं ५६. मेरिनो, वर्स्टेड, राखी रंग. सुई ५ मिमी, मोजून घेतली. १० सेंमीला १८ टाके. घातले ९०. बॉर्डर ५, माथा १५ वर. लोकर लागली ८२ ग्रॅम. फोन आला : घेर बरोबर, कान पुरते झाकत नाहीत. पुढच्या वेळी माथा १७ वर.